शीड सोडून सगळं

दाजीशेटच्या छत्रीला सायकलची घंटी होती.

महाडच्या बाजारपेठेत भर पावसात मागून किणकिण ऐकू आली की परगावचा माणूस सायकलला वाट द्यायला दुकानाच्या पायरीवर चढायचा. मग धोतराचा सोगा हातात धरून, चिखल चुकवत, सावकाश चालणारे दाजीशेट त्याच्या समोरून जायचे. जाता जाता अंगठ्याने आणखी एकदा घंटी वाजवून त्याचे आभार मानायचे. गावातली माणसं हलायची नाहीत. त्यांना सवय होती.

मी पोलादपूरचा. महाडच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि बंदराकडच्या आळीत दाजीशेटच्या माडीवर बायकोसह बिऱ्हाड केलं. पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं, "शेट, छत्रीला घंटी कशासाठी?"

गणितात हमखास नापास होणाऱ्या पोराकडे मी जसं बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, उद्या विकायची म्हटली तर? नुसती छत्री काय, कुणीही देईल. घंटीवाली छत्री अख्ख्या तालुक्यात आहे का कुणाकडे?"

"विकणार आहात?"

"छे. ऐन पावसात छत्री कशाला विकू?"

'उद्या विकायची म्हटली तर?' हे त्यांचं पालुपद होतं आणि 'मोल चढतं' हे त्याचं उत्तर. घरातली प्रत्येक वस्तू जणू उद्याच्या गिऱ्हाइकासाठी नटून बसलेली. आरामखुर्चीच्या हाताला पानाचा डबा ठेवायला खण, खणाला कुलूप आणि कुलपात धूळ जाऊ नये म्हणून कुलपाला कातड्याचं झाकण. पान खायची तलफ आली तरी डबा हाती येईपर्यंत ती मरायची. म्हशीच्या शिंगांना पितळेची टोपणं होती. एकदा म्हैस नदीत डुंबून एकच टोपण घेऊन परत आली, तेव्हा सगळी आळी गुडघाभर पाण्यात उतरून दुसरं शोधत होती. मीही होतो. भाडेकरूला नाही म्हणता येत नाही.

माझ्या खोलीत त्यांनी एक खुंटी ठोकली आणि भाडं चार आण्यांनी वाढवलं. "खुंटीची खोली झाली मास्तर, मोल चढलं." मी खुंटी उपटून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे सांगितलं की भिंतीला भोक पडलं आहे, त्याचे आणखी चार आणे. मी खुंटी परत मागून घेतली.

गावात त्यांना लोभी म्हणत. मला ते कधी पटलं नाही, कारण एवढा सगळा साजशृंगार करून या गृहस्थाने आयुष्यात काहीच विकलं नव्हतं. छत्री नाही, खुर्ची नाही, म्हैस तर नाहीच. विकायला मात्र सगळं काढलेलं.

या सगळ्याचा कळस म्हणजे त्यांचा मचवा, मालवाहतुकीची शिडाची होडी.

सावित्रीच्या खाडीतून माल ये-जा करायचा, त्या काळी दाजीशेटची भाताची अडत जोरात होती. मचवा महाडहून तांदूळ आणि हिरडा घेऊन बाणकोटला उतरायचा, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई गाठायचा आणि येताना मीठ, कौलं, रॉकेलचे डबे आणायचा. मग रस्ते सुधारले. मालमोटारी घाट चढू-उतरू लागल्या, आणि व्यापारी म्हणू लागले की भरती-ओहोटीची वाट बघत कोण बसतो. अडत बंद झाली. मचवा महाडच्या बंदराला चिखलात बसला. तिथे पाणी एरवी बेताचंच, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो चार दिवस तरंगायचा आणि बाकीचे दिवस एका कुशीवर कलंडून पडायचा.

मचव्यावर तो चालवणारा गणू तांडेल राहायचा. त्याचं घर दासगावला होतं, पुतण्याचा संसारही होता, पण निजायला त्याला मचव्याची फळीच लागायची. मालवाहतूक बंद झाली तरी तो दरवर्षी पावसाळा सरला की सांध्यांत कापूस ठोकायचा, तळाला राळ लावायचा, लाकडाला तेल पाजायचा. मचवा कुठे जाणार नव्हता, पण मनात येईल तेव्हा निघू शकेल असा तयार होता. फक्त शीड नव्हतं. जुनं शीड भाताच्या कोठारात गुंडाळून ठेवलं होतं, ते उंदरांनी खाल्लं.

आता इथली एक रीत सांगायला हवी. आमच्या खाडीत मचवा विकला की तांडेल त्याच्याबरोबर जातो. मालक बदलतो, तांडेल बदलत नाही. होडीचं कुठे दुखतं-खुपतं ते त्यालाच ठाऊक, म्हणून घेणारा आधी तांडेलाचं वय विचारतो आणि मग लाकडाचं. तेव्हा मचवा विकला जावा, आणि लवकर विकला जावा, असं महाडात कुणाला सगळ्यांत जास्त वाटत असेल तर ते गणूला. त्याला पुन्हा पाण्यावर जायचं होतं.

दाजीशेटनी मचवा विकायला काढल्याला बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी ते चहाची किटली घेऊन बंदरावर जायचे. एक पेला गणूला, एक स्वतःला, आणि मग दोघांचं भांडण. ते आळीत आमच्या माडीपर्यंत ऐकू यायचं. भांडणाचा विषय वाऱ्यापासून वाटाण्यापर्यंत काहीही असे, पण शेवट ठरलेला.

"शेट, शीड कदी आनताय?"

"आणू रे. आधी त्याचं मोल तर चढू दे."

आणि शिडाऐवजी दुसरंच काहीतरी यायचं. पहिल्यांदा आला लोहाराकडून करवून घेतलेला पत्र्याचा कोंबडा. वारा कुठला ते दाखवण्यासाठी डोलकाठीच्या टोकाला तो बसवला. तो पहिल्याच पावसात गंजून अडकला आणि तेव्हापासून त्याची चोच कायम दक्षिणेकडे. गणू म्हणायचा, "ह्यो वारा नाय दाखवत. मास्तरांचं पोलादपूर दाखवतो." दाजीशेटना त्यातही गुण दिसला. "परक्या खलाशाला दिशा कळेल. मोल चढतं."

मग आला भोंगा. वरंध घाटात एक मालमोटार उलटली होती, तिचा रबरी फुग्याचा भोंगा त्यांनी मिळवला आणि सुकाणूजवळ बसवला. तो दाबला की नदीपलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. पाठोपाठ त्याच मोटारीची चालकाची गादी आली, तांडेलाला बसायला. गणू तिच्याशेजारी फळीवर बसायचा. गादीवर मांजर निजायचं.

पण खरी कमाल घड्याळाची. दाजीशेटनी घरचं लंबकाचं घड्याळ आणून मचव्यावर टांगलं. मचवा चिखलात कलंडला की लंबक पेटीच्या भिंतीला टेकून घड्याळ बंद पडायचं आणि उधाणाला मचवा सरळ झाला की गणू त्याला ढकलून चालू करायचा. दाजीशेट येईल-जाईल त्याला सांगायचे, "अमावास्या-पौर्णिमा दाखवणारं घड्याळ आहे हे. पंचांग बघायला नको." वेळ ते कधीच दाखवत नसे, पण ते त्यांना सांगण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

गिऱ्हाइकं यायची. हर्णैचे आले, श्रीवर्धनचे आले. लाकूड ठोकून बघायचे, खूश व्हायचे आणि विचारायचे, "शीड?" दाजीशेट म्हणायचे, "ते होईल हो, आधी हा भोंगा ऐका." भोंगा ऐकल्यावर ते किंमत सांगायचे. कोंबडा, भोंगा, गादी, घड्याळ, मागाहून आणलेला दुसरा जाड नांगर, सगळं धरून. मग गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. गणू चहाचे पेले विसळायचा आणि दोन दिवस बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा भांडण सुरू.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला बाणकोटचे हमीदशेट आले. त्यांना कौलं वाहायला मचवा हवा होता आणि लगेच हवा होता. रविवार होता, म्हणून मीही बंदरावर गेलो. मचवा नुकताच पाण्यावर यायला लागला होता. दाजीशेटनी नवी टोपी घातली होती.

हमीदशेट बोलायचे कमी. सगळीकडे हात फिरवून, तळाशी उतरून, वास घेऊन ते वर आले. "लाकूड बरा हाय. तांडेलानं राखलाय." गणूने मान खाली घातली, पण कान लाल झाले.

"आणि हे बघा," म्हणून दाजीशेटनी भोंगा दाबला. पलीकडे म्हशी उठल्या.

"कोनासाठी?" हमीदशेटनी विचारलं. "माशांसाठी? ह्यो काढायचा. काढायला मानूस लागंल, त्याची मजुरी किमतीतून कमी."

दाजीशेटचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी गादी दाखवली. ती ओली राहून खालची फळी कुजवणार, म्हणून आणखी कमी. घड्याळ, खिळे काढले की भोकं बुजवावी लागणार, आणखी कमी. दुसरा नांगर, त्याच्या वजनाएवढी कौलं मचव्यात कमी मावणार, दर खेपेला तोटा, म्हणून बरंच कमी. भिंतीच्या भोकाचं भाडं घेणाऱ्या माणसाला भोकाचा हिशेब उलटा ऐकावा लागत होता. मला आतून जरा बरं वाटलं, नाही असं नाही.

"अहो, मोल चढतं त्यानं," दाजीशेट म्हणाले.

"दाजीशेट, तुमी घातलंत त्या समद्यानं मोल उतारला. मोल चढतो तो शिडानं. शीड खै हाय?"

गणू दाजीशेटकडे बघत होता आणि दाजीशेट पत्र्याच्या कोंबड्याकडे.

हमीदशेट म्हणाले, "शीड असता तर मी आज, ह्याच उधानाला घेऊन गेलो असतो. आता शीड शिवून येईपर्यंत मोसम जायचा. दासगावात मी दुसरा मचवा बगून ठेवलाय. लाकूड इतका बरा नाय, पन शीड हाय. मी जेवून येतो. पानी भरतंय तवर इचार करा." आणि ते बाजाराकडे गेले.

मला वाटलं आता भांडण होणार. मी थोडा मागेच सरकलो. पण गणू उभा राहिला नाही की आवाज चढवला नाही. फळीवर बसल्या बसल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "शेट, हे गुडगं आजून दोन-तीन वर्सं डोलकाठी चढतील. मग नाय चढनार. मग मचवा इकलात काय नि नाय इकलात काय, मला काय त्याचं?"

दाजीशेट वळले आणि घराकडे चालू लागले. किटली तिथेच राहिली. मी ती उचलून त्यांच्या मागे गेलो. एवढे अबोल दाजीशेट मी कधी पाहिले नव्हते आणि मला त्यांची काळजी वाटायला लागली.

घरी पोचल्यावर ते थेट आमच्या माडीवर आले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर डोकावली. "वहिनी, जरा बाजूला व्हा," म्हणत त्यांनी माळ्याला शिडी लावली. "मास्तर, धरा."

आमच्या डोक्यावरच्या त्या माळ्यावर ते दर पावसाळ्यानंतर कडुलिंबाचा पाला घेऊन जायचे. तिथे जुन्या गाद्या असतील, असं आम्हाला वाटायचं. त्यांनी वरून जी भली मोठी गुंडाळी खाली सोडली तिच्यातून वाळलेला पाला माझ्या अंगावर पडला. कापराचा वास आला. मी एक टोक उलगडून बघितलं. जाड, कोरं, दुहेरी शिवणीचं शीड. कडेला दोर ओवलेले. पाण्याचा एक डाग नाही.

"हे कधी शिवलंत?"

"जुनं उंदरांनी खाल्लं ना, त्याच सालात. मुंबईहून शिवून आणलं."

"मग लावलं का नाही?"

दाजीशेट शिडीवरून उतरता उतरता मधल्या पायरीवर थांबले. "लावलं असतं तर पहिल्याच गिऱ्हाइकानं मचवा नेला असता, मास्तर. आणि रीत तुम्हाला ठाऊक आहे. गणू गेला असता." मग अंगरख्यावरचा पाला झटकत म्हणाले, "तो गेल्यावर मी सकाळी उठून बोलू कुणाशी? म्हशीशी?"

मी हसलो नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन खूप वर्षं झाली होती, हे सगळं आळीतल्या सगळ्यांसारखं मलाही माहीत होतं. पण छत्रीच्या घंटीपुढे ते कधी आठवलंच नव्हतं.

आम्ही दोघांनी ती गुंडाळी खांद्यावर घेऊन बंदर गाठलं. माझा खांदा त्यानंतर आठवडाभर दुखत होता. गणूने आम्हाला येताना बघितलं आणि तो उठून उभा राहिला. शीड फळीवर पसरलं, तेव्हा तो कितीतरी वेळ त्याच्यावरून नुसता तळवा फिरवत राहिला. मग शिवण चिमटीत धरून म्हणाला, "शिवन जराशी सैल हाय."

"सैल?" दाजीशेट कडाडले. "तुझ्या जन्मात बघितली होतीस का दुहेरी शिवण?"

"दुहेरी हाय म्हनून सैल नसती काय?"

"तू मला शिकवू नको."

"मग कोन शिकवंल तुमाला?"

ते भांडण त्यांच्या सगळ्या भांडणांत मोठं झालं असेल. ते भांडत होते आणि भांडता भांडता शीड काठीला बांधत होते. एकाने दोर ओढला की दुसरा गाठ मारायचा आणि ती गाठ चुकली म्हणून पहिला ओरडायचा. मध्येच गणू डोलकाठीवर चढला आणि कोंबडा काढून खाली टाकला. तो एवढा सरसर चढला की दाजीशेट अर्धं वाक्य तसंच टाकून वर बघत राहिले.

हमीदशेट परत आले तेव्हा पाणी भरलं होतं. वारा खाडीकडून समोरून येत होता, म्हणजे दासगाव ओलांडेपर्यंत शिडाचा काही उपयोग नव्हता, मचवा ओहोटीच नेणार होती. तरीही गणूने शीड वर चढवलं. ते नुसतंच फडफडलं. बंदरावर दोन मालमोटारींचे हमालही काम थांबवून बघायला लागले.

"दाजीशेट," हमीदशेट म्हणाले, "शिडाचा काय तो सांगा. मी देतो."

"शिडाचं काही नाही."

सगळं बंदर त्यांच्याकडे बघायला लागलं. हमीदशेटना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"शिडाचं काही नाही म्हटलं ना. मचव्याची किंमत तुम्ही म्हणाल ती. या बाकीच्या वस्तू मी परत नेतो. फक्त माणूस नीट ठेवा. त्याला सकाळी चहा लागतो, आणि चहाबरोबर वाद लागतो. वाद घातला नाहीत तर तो दिवसभर कुरकुरतो."

"मी नाय कुरकुरत," गणू मचव्यावरून म्हणाला.

"ऐकलंत?"

भोंगा, गादी, घड्याळ, दुसरा नांगर असं सगळं आम्ही बंदरावर उतरवलं. ओहोटी लागली, हमीदशेट मचव्यावर चढले. गणूने नांगर उचलला, शीड उतरवून बांधलं आणि लांब बांबूने मचवा बंदरापासून ढकलला. मधे हातभर पाणी आलं, तेव्हा तो म्हणाला, "शेट, दुपारचं जेवान टाळत जाऊ नका."

"तू मला सांगू नको," दाजीशेट म्हणाले.

मचवा वळणाआड गेल्यावरही ते तिथेच उभे होते. मग आम्ही दोघांनी हातगाडी बोलावून सगळं सामान तिच्यावर घातलं. मांजर गादीवरून उतरायला तयार नव्हतं, म्हणून तेही गाडीवर बसून आळीत आलं. संध्याकाळी खाली दिवा लागला, पण जेवणाचा वास आला नाही. बायकोने ताट वाढून दिलं, ते मी नेऊन दिलं. "उगाच कशाला," म्हणाले आणि घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या वह्या तपासत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. दाजीशेट दारात उभे होते. एवढ्या वर्षांत ते सकाळी कधी माडीवर आले नव्हते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. कशाबद्दल बोलावं ते त्यांना सापडत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "तुमच्याकडचा चहा फार पातळ असतो, असं मी ऐकलंय."

"कुणी सांगितलं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आमचा चहा पातळ नसतो."

"पातळच असतो. पोलादपूरकडचे लोक पातळच चहा पितात."

मला खरोखरच राग आला होता. मी वही मिटून उठणार, एवढ्यात बायको आतून दोन पेले घेऊन आली. एक तिने त्यांच्यासमोर ठेवला आणि दुसरा माझ्यासमोर ठेवताना हळूच म्हणाली, "भांडा थोडं. शाळेला उशीर झाला तर झाला."

दाजीशेटनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे वाट बघितल्यासारखे बघत राहिले. मी बाही वर सारली आणि पोलादपूरची बाजू मांडायला बसलो.